पोपांच्या नांवाचा द्राक्षारस
(आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या कपाळीं आठ्या पडल्या असतील. धर्मगुरूनें उपदेशपीठावरून खालीं उतरून फ्रान्स देशाच्या तांबड्या द्राक्षारसावर बोलावें, आणि तेंही तो कसा चाखावा व कोणत्या अन्नाबरोबर घ्यावा ह्यावर, हें कांहींसें विपरीत दिसतें खरें. परंतु हा विषय आम्हीं निवडलेला नाहीं. आपल्या गांवचे कांहीं तरुण जहाजांवर नोकरीस आहेत. त्यांनीं ज्युबिलीच्या भोजनासाठीं सहा बाटल्या भेट म्हणून आणून दिल्या. बाटलीच्या कांचेवर संत पेत्राच्या दोन किल्ल्या व वर पोपांचा त्रिमुकुट उठविलेला पाहून व्यवस्थापक मंडळास वाटलें कीं, हें प्रकरण फादरांच्या अधिकारांतलें आहे. तेव्हां मंडळाच्या आज्ञेवरून आम्ही आपणांपुढें उभे आहों.

बाटल्या आल्याची वार्ता पसरतांच आमच्या कानीं दोन प्रकारचीं बोलणीं आलीं. एक असें कीं, ‘फादर वेदीवर द्राक्षारस घेतात, उपदेशांत दारू सोडा म्हणतात, आणि आतां जेवणांतही बाटली ठेवतात, आम्हीं समजावें तरी काय?’ दुसरें बोलणें तरुणांचें: ‘त्यांत शिकावयाचें काय आहे? पेला भरावा आणि प्यावा.’ पहिला प्रश्न आम्हांस गंभीर वाटतो, कारण दारूनें आपल्या गांवांत किती चुली विझविल्या हें आम्ही प्रेतयात्रांच्या मागून चालतांना पाहिलें आहे. त्याचें उत्तर आम्ही टाळणार नाहीं; पण आधीं ह्या रसाची ओळख करून दिल्यावांचून तें नीट देतां यावयाचें नाहीं. तरुणांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र ओघांतच येईल.

ह्या द्राक्षारसाचें नांव ‘शातोनफ-दु-पाप’. ह्या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘पोपांचा नवा किल्ला’. दक्षिण फ्रान्समध्यें ऱ्होन नदीच्या डाव्या तीरीं, ओरांज व आव्हिन्यों ह्या दोन शहरांच्या मध्यें, ह्या नांवाचें गांव आहे. चौदाव्या शतकांत पोप रोम सोडून आव्हिन्यों येथें राहत असत, हा इतिहास आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत ऐकला असेल. पोप क्लेमेंट पांचवे १३०९ सालीं तेथें आले. १३१६ सालीं निवडले गेलेले पोप योहान बाविसावे ह्यांनीं शहराच्या उत्तरेस, टेकडीवरील ह्या गांवांत, उन्हाळ्यांत राहण्यासाठीं किल्ला बांधविला. आणि सिएनाच्या संत कॅथरिनच्या आर्जवानंतर पोप ग्रेगरी अकरावे १३७७ सालीं रोमला परत पोहोंचले. किल्ला मागें राहिला. सोळाव्या शतकांतील धर्मयुद्धांत त्याची नासधूस झाली, आणि उरलेला बुरूज १९४४ च्या ऑगस्टमध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें सुरुंग लावून अर्धा उडविला. आज टेकडीवर जी उंच भिंत उभी दिसते ती त्याचीच.

आतां बाटलीवरचा मुकुट पाहून, हाच रस पोप रोज घेत असत असें कोणी समजेल, तर तें फारसें खरें नाहीं. गांवांत द्राक्षवेली पोपांच्या आधींही होत्या आणि पोपांच्या काळीं त्या वाढल्या. परंतु आव्हिन्योंच्या दरबारीं मोठा मान होता तो दूर बर्गंडी प्रांतांतील बोन गांवच्या रसाला. कवि पेट्रार्क ह्यानें तर कार्डिनलांस टोला हाणला होता कीं, रोमला परतणें त्यांच्या जिवावर येतें तें तिकडे बोनचा द्राक्षारस मिळत नाहीं म्हणून! पुढें कित्येक वर्षें शातोनफचा रस पिंपांत भरून उत्तरेस जाई आणि बर्गंडीच्या अशक्त रसांत जोर आणण्यासाठीं औषधासारखा मिसळला जाई. गांवाचें नांवसुद्धां पूर्वीं चुन्याच्या भट्ट्यांवरून ‘शातोनफ-काल्सर्निए’ असें होतें. ‘दु-पाप’ हें अधिकृतपणें १८९३ सालीं जोडलें गेलें. मुकुट व किल्ल्या कांचेवर उठविण्याची चाल तर १९३७ सालची. हें सांगण्यांत कोणाचा हिरमोड करावा असा आमचा हेतु नाहीं. पोपांचें नांव घातल्यानें रस पवित्र होत नाहीं, आणि तो जेवणांत घेणें हा भक्तीचा भाग नव्हे, एवढें ज्युबिलीच्या दिवशीं स्पष्ट असलेलें बरें.

त्या गांवच्या कित्येक मळ्यांत माती दिसतच नाहीं. ऱ्होन नदीनें प्राचीन काळीं वाहून आणलेले, नारळाएवढे गुळगुळीत गोटे जमिनीवर पसरलेले असतात, आणि त्यांच्या मधून वेली वर आलेल्या असतात. दिवसभर उन्हांत तापलेले गोटे रात्रीं ऊब सोडतात आणि खालची ओल धरून ठेवतात. वरून ‘मिस्त्राल’ नांवाचा उत्तरेकडील कोरडा, सोसाट्याचा वारा वाहतो. तो फांद्या मोडतो, पण घडांवर बुरशी धरूं देत नाहीं. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांची वेल मांडवावर चढवितात. तेथें ह्या वाऱ्यामुळें जुन्या वेली मांडवावांचून, खुज्या, झुडपासारख्या ठेवतात. त्या आकारास फ्रेंच लोक ‘गोबले’ म्हणजे पेलाच म्हणतात. सगळेच मळे गोट्यांचे नाहींत. कांहीं वाळूचे, कांहीं चुनखडीचे आहेत, आणि वाळूवरचा रस बहुधा अधिक नाजूक उतरतो.

ह्या गांवानें जगास जें एक मोठें देणें दिलें तें रसाहूनही आम्हांस मोलाचें वाटतें. १८६० नंतरच्या दशकांत फिलॉक्सेरा नांवाची, वेलीच्या मुळांतला रस शोषणारी सूक्ष्म कीड अमेरिकेंतून आली. फ्रान्समध्यें तिचा पहिला उपद्रव ह्याच नदीच्या पलीकडच्या तीरीं दिसला. मळेच्या मळे वाळून गेले. शेवटीं अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचें कलम बांधून इलाज झाला. जेथून रोग आला तेथूनच औषध आलें. परंतु त्या टंचाईच्या काळापासून बाजारांत खोटा माल माजला. दुसऱ्या प्रांतांतला पातळ रस ह्या गांवच्या नांवानें विकला जाऊं लागला. तेव्हां १९२३ सालीं गांवच्या शेतकऱ्यांनीं बॅरन पिएर ल र्‍वा ह्या गृहस्थास पुढारी केलें. हा मनुष्य कायदा शिकलेला, पहिल्या महायुद्धांत विमान चालविलेला, आणि स्वतः मळेवाला. त्यानें सांगितलें कीं, आधीं आपण आपणांवर नियम घालूं, मग दुसऱ्यांस चोर म्हणूं. ज्या रुक्ष जमिनींत लॅव्हेंडर व थाइम हीं दोन्ही झुडपें उगवतात तेवढीच जमीन ह्या नांवास पात्र, अमुक जातींचींच द्राक्षें लावावयाचीं, खुडणी हातानें करावयाची, प्रत्येक हंगामांत निवडून कांहीं घड टाकून द्यावयाचे, मग ते चांगले कां दिसेनात, मद्यार्क १२.५ टक्क्यांहून कमी भरला तर तें नांव लावावयाचें नाहीं. दहा वर्षें कोर्टकचेऱ्या चालल्या, १९३३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल उचलून धरला, आणि १९३६ सालीं फ्रान्स सरकारनें जे पहिले गांवोगांवचे हक्काचे शिक्के दिले त्यांत हें गांव होतें. पुढें साऱ्या देशानें हाच धडा गिरविला. ह्या गांवचे लोक कायदे करण्यांत किती दक्ष असतात पाहा: १९५४ सालीं तेथील नगराध्यक्षांनीं हुकूम काढून गांवच्या हद्दींत उडत्या तबकड्या उतरण्यास बंदी केली! तो हुकूम मोडल्याचें आजवर ऐकिवांत नाहीं.

नियमाप्रमाणें तेरा जातींच्या द्राक्षांस परवानगी होती. २००९ सालच्या नियमावलींत पांढऱ्या-काळ्या उपजाती निराळ्या मोजल्यामुळें ती संख्या अठरा झाली आहे. आपल्या घरच्या बाटली मसाल्यांत जसे वीस-पंचवीस जिन्नस पडतात आणि तरी प्रत्येक आईच्या हातचा मसाला निराळा लागतो, तसाच हा प्रकार. बहुतेक मळ्यांत मुख्य द्राक्ष ‘ग्रनाश’ हेंच. तें फळाचा गोडवा व ऊब देतें, पण त्याची साल पातळ, रंग फिका आणि आंबटपणा कमी. म्हणून रंगासाठीं व मिऱ्यासारख्या तिखट वासासाठीं ‘सिरा’, आणि तुरटपणासाठीं ‘मूरव्हेद्र’ मिसळतात. कोणी तेराही जाती हौसेनें लावतात, कोणी एकट्या ग्रनाशवर भागवितात.

आतां चाखण्याविषयीं. शुभवर्तमानांत चाखण्याचा एक ठळक प्रसंग आहे. काना गांवच्या लग्नांत भोजनकारभाऱ्यानें द्राक्षारस चाखला तेव्हां तो कोठून आला हें त्यास ठाऊक नव्हतें, असें संत योहान मुद्दाम नमूद करतात. आजचे पारखी लोक परीक्षेच्या वेळीं बाटलीभोंवतीं कापड गुंडाळतात तें ह्याच हेतूनें. नांव व किंमत दिसली कीं जीभ भिडस्त होते. त्या कारभाऱ्यानें कोणाची भीड न धरतां निवाडा केला. आपल्या तरुणांस आम्ही सुचवूं कीं, एकदां दोन निरनिराळ्या बाटल्या कापडांत गुंडाळून चाखून पाहाव्या, आणि मग किंमती वाचाव्या. पुष्कळांचा तोरा तेथल्या तेथें उतरेल.

पहिली गोष्ट उष्णतेची. हा रस ‘खोलीच्या उष्णतेवर’ घ्यावा असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. पण ती खोली म्हणजे फ्रान्समधील जाड दगडी भिंतींचें घर. तेथील उष्णता सोळा ते अठरा अंश. आपल्याकडे मे महिन्यांत बत्तीस-तेहतीस. एवढ्या उष्णतेंत मद्यार्काची वाफ नाकांत शिरते आणि बाकीचा सुवास तिच्यामागें दडून जातो. म्हणून बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्यें ठेवावी. बर्फ मात्र रसांत घालूं नये. कोंवळी बाटली असेल तर तासभर आधीं कांचेच्या चंबूंत ओतून वारा लागूं द्यावा. जुनी असेल तर आदल्या दिवशीं उभी करून ठेवावी आणि सावकाश ओतून तळचा गाळ मागें ठेवावा. तो गाळ म्हणजे भेसळ नव्हे; रसाच्या रंगाचा व तुरटपणाचाच अंश वर्षानुवर्षें खालीं बसतो.

पेला पोटाकडे रुंद व तोंडाशीं निमुळता असावा आणि तो एक-तृतीयांशच भरावा. पांढऱ्या मेजपोसावर तो तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. कोंवळ्या रसाचा रंग माणकासारखा. दहा-पंधरा वर्षें झालीं कीं कडेला कौलासारखी विटकरी छटा येते. रंग फिका दिसला म्हणून रस पाणचट असें समजूं नये. ग्रनाशचा तो स्वभावच आहे. पेला फिरविल्यावर आंतल्या बाजूनें जे थेंब ओघळतात त्यांस कांहीं लोक उत्तम रसाची खूण मानतात. ती केवळ मद्यार्काची खूण आहे.

मग नाक. पेला हळूच फिरवून वास घ्यावा, आणि लगेच ‘छान’ म्हणून मोकळें होऊं नये. कशासारखा वास आला हें स्वतःस विचारावें. येथें आपल्या भगिनी पुरुषांस सहज हरवितील, कारण फोडणी करपली कीं नुसती जवळ आली हें ज्यांस दुसऱ्या खोलींतून कळतें, त्यांच्या नाकाला शिकवणीची गरज नसते. ह्या रसांत पिकलेल्या चेरी-रासबेरीचा, मिऱ्याचा, आणि उन्हानें वाळलेल्या रानवनस्पतींचा वास सांगतात. रासबेरी आपल्या ओळखीची नसेल, जांभूळ आहे. थाइम आपण लावीत नाहीं. पण थाइममध्यें ज्या द्रव्यानें वास येतो तेंच द्रव्य ओव्यांतही आहे. चिमूटभर ओंवा तळहातावर चुरडून हुंगावा आणि मग पेल्याकडे वळावें. दक्षिण फ्रान्सची टेकडी तेवढ्यानें थोडीफार समजते. रस जुना होत गेला कीं फळाचा वास मागें सरतो आणि सुकें अंजीर, चामडें, ओली पानें असे वास पुढें येतात. चामड्याचा वास चांगला कसा, असें विचाराल तर नवी वहाण घेतांना तुम्ही ती नाकाशीं कां नेतां हें सांगा!

शेवटीं जीभ. लहानसा घोट घेऊन तोंडांत सर्वत्र खेळवावा, ओठ किंचित् उघडून थोडा वारा आंत ओढावा, आणि गिळण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली आंबटपणा, ह्या रसांत तो बेताचाच. दुसरी ऊब, ह्या गांवच्या रसांत आजकाल चौदा ते पंधरा टक्के मद्यार्क असतो, तो घशाशीं उष्ण लागतो. तिसरी गोष्ट अशी कीं, ती समजावितांना पाश्चात्य लेखक ‘जीभ कोरडी पडते, हिरड्या आंवळतात’ असें दोन-दोन ओळी लिहितात. आपल्या भाषेंत तिला एकच शब्द आहे: तुरट. जांभूळ, आंवळा, कच्चें केळें, दुधावांचूनचा कडक चहा, काजूचें बोंड, इतक्या वस्तूंनीं आपली जीभ लहानपणींच ह्या रुचीशीं परिचित झालेली असते. द्राक्षाच्या सालींत व बियांत तुरट द्रव्य असतें. तांबडा रस सालीसकट आंबवितात म्हणून तो तुरट. चांगल्या शातोनफमध्यें हा तुरटपणा मऊ असतो, आणि घोट गेल्यावर त्याची आठवण बराच वेळ तोंडांत रेंगाळते. पारखी लोकांचा धंदाच हा असल्यामुळें ते चाखून झाल्यावर रस बाजूच्या भांड्यांत थुंकून टाकतात. जो दिवसांत चाळीस पेले पारखतो तो एकही पीत नाहीं, हें आपल्या तरुणांनीं ध्यानांत घ्यावें.

ह्या तुरटपणांतच जेवणाच्या मेळाचें रहस्य आहे. तुरट द्रव्य आपल्या लाळेंतील प्रथिनांस चिकटतें आणि म्हणून तोंड कोरडें पडतें. तोंडांत मांसाचीं प्रथिनें व चरबी असली कीं तें त्यांस चिकटतें, जीभ सुटते, आणि रस एकाएकीं मऊ लागूं लागतो; उलट चरबीनें जड झालेली जीभही घोटानें स्वच्छ होते. म्हणून त्या प्रांतांतले लोक लसूण, थाइम व रोजमेरी लावून भाजलेला कोंकराचा खांदा ह्या रसाबरोबर घेतात. त्यांचा दुसरा पदार्थ ‘दोब’. गोमांसाचे मोठे तुकडे तांबड्या द्राक्षारसांत, संत्र्याची साल, लवंग व लसूण घालून रात्रभर मुरवितात आणि दुसऱ्या दिवशीं झांकण लावून मंद आंचेवर तासन् तास शिजवितात. पेल्यांत जो रस तोच पातेल्यांत, मग मेळ न बसेल तर नवल.

आतां आपल्या भोजनाची यादी मंडळानें आमच्या हातीं दिली आहे: मटणाचा रोस्ट, इंद्याल, तळलेलें पापलेट, फुगे, आणि शेवटीं केक. एकेकाचा निवाडा करूं.

इंद्याल हें आपल्या सणाचें भूषण. परंतु ह्या पाहुण्याशीं त्याचें मुळींच जमावयाचें नाहीं. मिरचीची आग जिभेवरील ज्या मज्जातंतूंस झोंबते, त्यांसच मद्यार्कही डिवचतो. दोघे मिळून तोंडाचा वणवा करतात आणि त्यांत फळाचा सुवास जळून जातो. शिवाय इंद्यालांत सिरका. ग्रनाशचा आंबटपणा आधींच कमी, सिरक्यापुढें तो पार सपाट पडतो. चाळीस वर्षें मुरलेला हात ज्या बाईनें इंद्यालाला लावला तिचा अपमान होऊं नये आणि बाटलीचाही होऊं नये, म्हणून त्या दोघांत मधें अर्धा तास असूं द्यावा. पापलेट तर दूरच ठेवावें. तांबड्या रसांत लोहाचा अंश असतो. माशाच्या तेलाशीं त्याची गांठ पडली कीं तोंडांत धातूसारखी, शिळ्या माशाची चव येते, आणि लोक विनाकारण कोळणीस बोल लावतात. केकही नको; गोडाच्या पाठोपाठ हा रस कडू लागतो.

राहिला मटणाचा रोस्ट, आणि तोच ह्या रसाचा खरा सोबती. आमची सूचना एवढीच कीं, त्या दिवशीं रोस्टमधून हिरवी मिरची व सिरका वगळावा. आलें-लसूण, जाडसर कुटलेलें मिरें, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि बोटाच्या चिमटींत मावेल एवढाच ओंवा लावून मांस रात्रभर ठेवावें व सावकाश भाजावें. मीठ हात राखून नको, कारण मीठ तुरटपणा मवाळ करतें. बरोबर फुगे चालतील. त्यांचा किंचित् गोडवा सौम्य असतो आणि रोस्टचा रस टिपण्यास त्यांसारखें दुसरें कांहीं नाहीं. आधीं रोस्टचा घांस चावावा, तो गिळतां गिळतां एक लहान घोट घ्यावा, मग पुन्हां घांस. रिकाम्या पोटीं, उभ्याउभ्यां, मंडपाच्या मागें जाऊन घेतलेल्या घोटास हें कांहींच कळत नाहीं.

येथें आम्ही पहिल्या प्रश्नाकडे वळतों. वेदीवरील द्राक्षारसाविषयीं १९८३ च्या धर्मसंहितेच्या ९२४ व्या कलमांत स्पष्ट नियम आहे: तो द्राक्षांचा, नैसर्गिक आणि न नासलेला असावा. वेदीवर बहुधा पांढराच वापरतात, कारण तांबडा डाग शुभ्र वस्त्रांवरून निघतां निघत नाहीं. पण तेथें तो रुचीसाठीं नसतो; त्याचें जें होतें त्याविषयीं आपली श्रद्धा आपण जाणतां. जेवणांतला रस ही निराळी गोष्ट आहे, आणि त्याच्या बाबतींत कोणीही स्वतःची फसवणूक करूं नये. दारूचा मद्यार्क आणि द्राक्षारसाचा मद्यार्क हे एकच द्रव्य आहे. ७५० मिलिलिटरच्या ह्या एका बाटलींत साडेचौदा टक्क्यांच्या हिशेबानें सुमारें १०९ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क भरतो. आपल्याकडे मिळणाऱ्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचें पाव लिटर घेतलें तर त्यांतही जवळपास तेवढाच. ‘ही तर वाईन, हिनें कांहीं होत नाहीं’ असें जो म्हणतो त्यास हा गुणाकार दाखवावा. बाटलीवर पोपांचा मुकुट आहे म्हणून यकृत तिला सलाम करीत नाहीं.

आणि ज्यांस एक थेंबही वर्ज्य आहे, त्यांचें काय? ज्या धर्मगुरूंस ह्या व्याधीमुळें द्राक्षारस घेणें धोक्याचें आहे, त्यांस बिशपांच्या अनुज्ञेनें वेदीवरसुद्धां ‘मुस्तुम’ वापरतां येतो. मुस्तुम म्हणजे ज्याचें आंबणें नुकतेंच सुरू होतांच थांबविलें असा द्राक्षांचा ताजा रस; त्यांत मद्यार्क नसल्यासारखाच असतो. २००३ सालीं रोमहून आलेल्या पत्रांत ही मुभा पुन्हां स्पष्ट केली गेली. पवित्र वेदीवरही आपली आई अशा लेकरासाठीं वाट काढते. मग आपण जेवणाच्या मेजावर त्याच लेकरास ‘घ्या हो एक घोट, ज्युबिली आहे’ म्हणून आग्रह करावा काय? वर्ष-दीड वर्ष मोठ्या कष्टानें हात आवरून बसलेला मनुष्य ह्याच वाक्यानें पुन्हां घसरलेला आम्हीं एकाहून अधिक वेळां पाहिला आहे. घसरल्यावर त्याची बायको आमच्या दारीं येते, आग्रह करणारा येत नाहीं.

म्हणून त्या दिवसासाठीं आम्ही मंडळास कांहीं गोष्टी सांगून ठेविल्या आहेत. सहा बाटल्यांतून पन्नास-पन्नास मिलिलिटरचे नव्वद घोट होतात; ज्यांस हवा त्यांस एक घोट, रोस्टबरोबर, बसून. दुसरा नाहीं. अठरा-वीस वर्षांच्या पोरांनीं पेला पुढें करूं नये. सरकारच्या कायद्यानेंही तो त्यांचा अधिकार नाहीं. कोकमाचें सरबत त्याच प्रकारच्या पेल्यांतून, आणि द्राक्षारसाच्या आधीं, सर्वांस वाढलें जाईल, म्हणजे कोणाच्या पेल्यांत काय आहे हें पंगतींत कोणी दुरून ओळखूं शकणार नाहीं. ज्यानें पेला उपडा ठेवला त्यास ‘कां’ असें विचारावयाचें नाहीं. वाढणाऱ्या मुलांस आम्हीं हें तीन वेळां बजावलें आहे, आणि त्या दिवशीं चौथ्यांदा बजावूं.

कोणाच्या घरीं पुढें-मागें अशी बाटली उघडली गेली व उरली, तर बूच लावून फ्रिजमध्यें ठेवावी. दोन-तीन दिवस रस बरा राहतो. पुढें त्याचा वास उडतो, तरीही मटण मुरविण्यास तो उपयोगी पडतो. त्याहूनही राहिला, तर टाकूं नये. घरांत जिवंत सिरक्याची बरणी असेल तर तींत ओतावा आणि तोंडास फडकें बांधून ठेवावें; कांहीं आठवड्यांत त्याचाही सिरका होतो. फ्रेंच भाषेंत सिरक्यास जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळीं ‘आंबट द्राक्षारस’ असा आहे. पेल्यांत असतांना इंद्यालाशीं ज्याचें जमलें नाहीं, तो मग नाताळांत खुशाल इंद्यालांतच घालावा.